सदतीस शब्दांचा कायदा आणि विद्यापीठाचं मैदान

नमस्कार श्रोतेहो,

अमेरिकेतली विद्यापीठं आणि कॉलेजं एकमेकांविरुद्ध मुलांचे आणि मुलींचे संघ मैदानात उतरवतात. आज त्या खेळांबद्दल बोलायचं आहे. हा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर पडतं: पूर्वी हे खेळ निखळ होते, पैसा हल्ली शिरला. तर पहिलाच सामना कसा झाला, ते ऐका. १८५२च्या ऑगस्टमध्ये न्यू हॅम्पशायर राज्यातल्या विनिपसॉकी तलावावर हार्वर्ड आणि येल यांच्यात नावा वल्हवण्याची शर्यत झाली. अमेरिकेतली पहिली आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा म्हणून तिची नोंद आहे. आणि खर्च कोणी केला? एका रेल्वे कंपनीने. तिची गाडी त्या तलावाकडे जात होती आणि तिला प्रवासी हवे होते. शर्यत हार्वर्डने जिंकली. प्रायोजक मात्र तेव्हापासून आजवर काठावरून हललेला नाही.

पुढे १८६९ साली रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात फुटबॉलचा सामना झाला. तेव्हाचे नियम आपल्या फुटबॉलच्या जवळचे होते, पण त्यातूनच पुढे त्यांचा फुटबॉल घडला, अंगावर धावून जाण्याचा. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो नव्हे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यात इतकी मुलं दगावू लागली की १९०५ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं. त्या गदारोळातून १९०६ मध्ये एक संघटना उभी राहिली, आणि १९१० पासून तिला नाव मिळालं एनसीएए. आज सुमारे अकराशे विद्यापीठं आणि कॉलेजं तिची सभासद आहेत आणि पाच लाखांहून अधिक विद्यार्थी तिच्या नियमांखाली खेळतात. तिचे तीन विभाग आहेत. पहिल्यात बलाढ्य विद्यापीठं, तिसऱ्यात खेळासाठी शिष्यवृत्ती अजिबात न देणारी कॉलेजं, आणि दुसरा या दोहोंच्या मधला.

आता मुलींकडे वळू. १८९६च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत स्टॅनफर्ड आणि बर्कलीच्या मुलींमध्ये बास्केटबॉलचा सामना झाला. स्टॅनफर्डने तो दोन विरुद्ध एक असा जिंकला. सामना बघायला पुरुषांना सक्त मनाई होती. त्याच सुमारास मॅसेच्युसेट्समधल्या स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने मुलींसाठी या खेळाचे वेगळे नियम बसवले. मैदानाचे तीन भाग, आणि आपला भाग सोडून पलीकडे जायचं नाही. हातातला चेंडू हिसकावायचा नाही. मुलींनी फार धावू नये, फार ईर्षेला पेटू नये, असा हेतू. गंमत म्हणजे पुढची कित्येक दशकं ही भूमिका स्त्री-शिक्षिकांनीच हिरिरीने लावून धरली. दोनतीन कॉलेजांच्या मुली एकत्र जमवायच्या, त्यांची सरमिसळ करून संघ पाडायचे, म्हणजे कोणतंच कॉलेज जिंकत नाही की हरत नाही. मग चहापाणी करून सगळ्या आपापल्या घरी. या प्रकाराला प्ले डे म्हणत. यामागे निव्वळ सोवळेपणा होता असं मला वाटत नाही. मुलांच्या खेळात चाललेला पैशांचा आणि दुखापतींचा तमाशा या बायका रोज पाहत होत्या, आणि आपल्या मुलींना त्यांना त्यात लोटायचं नव्हतं. पण त्यापायी दोन-तीन पिढ्यांना खऱ्या सामन्याची चव मिळाली नाही, हेही तितकंच खरं.

मग आलं १९७२ साल. २३ जूनला राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी शिक्षणविषयक सुधारणांच्या एका कायद्यावर सही केली. त्यातलं नववं प्रकरण म्हणजे टायटल नाइन. त्याचं मुख्य कलम इंग्रजीत अवघ्या सदतीस शब्दांचं आहे. केंद्र सरकारची आर्थिक मदत घेणाऱ्या कोणत्याही शैक्षणिक उपक्रमात लिंगाच्या कारणावरून कोणाला वगळता येणार नाही, लाभ नाकारता येणार नाही, भेदभाव करता येणार नाही, एवढाच त्याचा आशय. खेळ हा शब्द त्यात कुठेही नाही! एडिथ ग्रीन, पॅट्सी मिंक आणि सिनेटर बर्च बाय या मंडळींनी हा कायदा रेटला, तेव्हा डोळ्यांसमोर होते वैद्यकीय आणि विधी महाविद्यालयांतले प्रवेश आणि प्राध्यापिकांच्या नोकऱ्या. पण सरकारी पैसा जवळपास प्रत्येकच विद्यापीठ घेतं, आणि मैदानही विद्यापीठाचंच असतं. हे लक्षात आल्यावर क्रीडा विभागांची धावपळ सुरू झाली. १९७४ मध्ये टेक्ससचे सिनेटर टॉवर यांनी दुरुस्ती सुचवली, की कमाई करून देणारे खेळ या कायद्यातून वगळावेत. म्हणजे मुख्यतः फुटबॉल. ती टिकली नाही. एनसीएए तर कोर्टात गेली, आणि हरली. विद्यापीठांना तयारीसाठी १९७८च्या जुलैपर्यंत मुदत मिळाली.

मुदत मिळाली की कामं कशी होतात ते आपल्याला माहीत आहेच. येल विद्यापीठाची गोष्ट सांगतो. येलमध्ये पदवीसाठी मुलींना प्रवेश मिळू लागला १९६९ पासून. मुलींचा वल्हवण्याचा संघ तयार झाला आणि चांगला खेळूही लागला. सराव चाले हुसाटॉनिक नदीवर, विद्यापीठापासून काही मैल लांब. तिथल्या बोटहाउसमध्ये शॉवर होते, पण मुलांसाठी. हिवाळ्यात नदीचं पाणी अंगावर उडालेलं, वरून घाम, अशा अवस्थेत मुली बसमध्ये कुडकुडत बसायच्या. मुलांच्या आंघोळी उरकल्या की बस निघायची. तक्रारी केल्या, अर्ज दिले, उपयोग शून्य. ३ मार्च १९७६ रोजी संघाची कप्तान ख्रिस अर्न्स्ट आणि तिच्या सहकारी अशा एकोणीस मुली शारीरिक शिक्षण विभागातल्या एका अधिकारी बाईंच्या कार्यालयात शिरल्या आणि त्यांनी अंगातले स्वेटर काढले. उघड्या छातीवर आणि पाठीवर निळ्या शाईने लिहिलं होतं, टायटल नाइन. अर्न्स्टने निवेदन वाचून दाखवलं. ज्या देहांचं येल शोषण करतं आहे ते हे देह, अशा अर्थाची त्याची सुरुवात होती. सोबत विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्राचा बातमीदार आणि छायाचित्रकार होते. बातमी न्यूयॉर्क टाइम्सपर्यंत गेली आणि पुढच्या वर्षी बोटहाउसमध्ये मुलींची सोय झाली. अर्न्स्ट त्याच उन्हाळ्यात माँट्रियल ऑलिंपिकमध्ये वल्हं मारून आली.

एका शॉवरसाठी एवढा उपद्व्याप, असं कोणी म्हणेल. पण समान संधी हा शब्द मैदानावर उतरतो तो असाच: आंघोळीचं पाणी, गणवेश, सरावाची वेळ, प्रवासातला मुक्काम. टेनेसी विद्यापीठात १९७४ मध्ये पॅट समिट नावाची बावीस वर्षांची मुलगी मुलींच्या बास्केटबॉल संघाची प्रशिक्षक झाली. संघाची व्हॅन तीच चालवायची, गणवेशही तीच धुवायची. एकदा तर दुसऱ्या गावच्या सामन्याआधी तिचा अख्खा संघ प्रतिस्पर्ध्यांच्याच व्यायामशाळेत चटया टाकून झोपला. ती अडतीस हंगाम टेनेसीतच राहिली. तिच्या नावावर १,०९८ विजय आणि ८ राष्ट्रीय विजेतेपदं आहेत.

आता हिशेबाकडे येऊ, कारण खरी भांडणं तिथे आहेत. १९७९ मध्ये सरकारने तीन कसोट्या ठरवून दिल्या आणि त्यांतली एक पार केली तरी चालतं. विद्यार्थिसंख्येच्या प्रमाणात खेळाडूंच्या जागा. किंवा मुलींसाठी सातत्याने संधी वाढवत आल्याचा पुरावा. किंवा मुलींच्या आवडीची पुरेपूर दखल घेतल्याचा पुरावा. व्यवहारात बहुतेकांची नजर पहिलीवर असते, कारण ती मोजता येते. समजा, एका विद्यापीठात निम्म्याहून जास्त, पंचावन्न टक्के मुली आहेत आणि खेळाडू सहाशे. तर सुमारे ३३० जागा मुलींच्या हव्यात. पण फुटबॉलचा एकच संघ शंभरावर मुलं गिळतो आणि मुलींचा एवढा मोठा खेळच नाही. मग उपाय काय? वल्हवणं! त्यात मोठाले संघ ठेवता येतात. अनेक विद्यापीठांनी त्यासाठीच मुलींचे संघ उभे केले आणि १९९७ पासून एनसीएए मुलींची वल्हवण्याची राष्ट्रीय स्पर्धा भरवू लागली. मुलांची मात्र भरवत नाही. ज्या खेळाने १८५२ साली हे सगळं सुरू झालं, तो मुलांचा खेळ आजही एनसीएएच्या बाहेरच आहे.

याच हिशेबात मुलांचे छोटे खेळ कापले गेले, अशी ओरड नेहमी होते. कुस्ती, पोहणं, जिम्नॅस्टिक्स. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिसमधल्या शाखेने, म्हणजे यूसीएलएने, १९९४ मध्ये मुलांचे पोहण्याचे आणि जिम्नॅस्टिक्सचे संघ बंद केले. दहाच वर्षांपूर्वी १९८४च्या ऑलिंपिकमध्ये सांघिक सुवर्ण मिळवणाऱ्या अमेरिकी जिम्नॅस्टिक्स संघातले तिघं तिथलेच, तरीही! ज्यांचे संघ गेले त्या मुलांचं दुःख खोटं नाही. पण बोट मुलींकडे दाखवणं मला पटत नाही. पैसे कमी पडले तेव्हा फुटबॉलच्या खर्चाला हात लावण्याची हिंमत कुणी केली नाही. कुस्तीवाले गरीब, त्यांचा बळी सोपा. मुलींना खेळात रसच कमी, हा युक्तिवादही झाला. ब्राउन विद्यापीठाने मुलींच्या जिम्नॅस्टिक्स आणि व्हॉलीबॉल संघांचं अनुदान काढून घेतल्यावर खटला झाला, त्यात विद्यापीठाने हेच म्हटलं. १९९६ मध्ये अपील न्यायालयाने ते फेटाळलं. आवड पोकळीत उगवत नाही, संधी आणि अनुभव मिळाला की ती वाढते, असं न्यायालयाचं म्हणणं होतं.

आकडे न्यायालयाच्या बाजूने बोलतात. १९७२च्या सुमारास शाळांमधून, म्हणजे तिथल्या हायस्कूलमधून, खेळणाऱ्या मुली तीन लाखांच्या आत होत्या. आता तीस लाखांच्या वर आहेत. एक गोष्ट मात्र उलटी झाली. कायदा आला तेव्हा कॉलेजांतल्या मुलींच्या दहापैकी नऊ संघांच्या प्रशिक्षक स्त्रिया होत्या, आज निम्म्याही नाहीत. पगार वाढले, प्रतिष्ठा आली आणि पुरुष अर्ज करू लागले. मुलींच्या खेळांची स्वतःची संघटनाही होती, एआयएडब्ल्यू, स्त्रियांनी चालवलेली. एनसीएएने १९८१-८२ पासून मुलींच्या राष्ट्रीय स्पर्धा सुरू केल्या आणि ती संघटना वर्षभरात गुंडाळली गेली. या घटनेबद्दल फारसं बोललं जात नाही. माझ्या मते ते बोलायला हवं, कारण सत्ता कोणाच्या हाती गेली ते पुढे दिसलंच.

२०२१च्या मार्चमध्ये दिसलं. बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धा चालू होत्या, मुलांची इंडियानापोलिसला, मुलींची सॅन अँटोनियोला. ओरेगन विद्यापीठाच्या सेडोना प्रिन्सने फोनवर एक व्हिडिओ काढला. मुलांच्या व्यायामशाळेत रांगेने यंत्रं आणि वजनं, आणि मुलींसाठी डंबेलचा एकच स्टँड. जागा नाही, असं एनसीएएचं कारण होतं. प्रिन्सने कॅमेरा फिरवून रिकामा पडलेला प्रचंड हॉल दाखवला. बोभाटा झाल्यावर एकदोन दिवसांत यंत्रं आली. चौकशीतून पुढे आलं की मार्च मॅडनेस हे प्रसिद्ध नाव वापरायचा मानसुद्धा तोवर फक्त मुलांच्या स्पर्धेला होता. मुलांच्या स्पर्धेत संघ पुढे गेला की तो ज्या विद्यापीठांच्या गटात खेळतो त्या गटाला पैसे मिळतात. मुलींच्या स्पर्धेत ही पद्धत सुरू व्हायला २०२५ उजाडलं.

प्रेक्षकांनी तोवर वाट पाहिली नव्हती. ३० ऑगस्ट २०२३ला नेब्रास्का विद्यापीठाने मुलींचा व्हॉलीबॉलचा सामना फुटबॉलच्या स्टेडियममध्ये ठेवला. ९२,००३ माणसं आली. २०२४ मध्ये मुलींच्या बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेत केटलिन क्लार्क या गाजलेल्या खेळाडूच्या आयोवा विद्यापीठाला साउथ कॅरोलायनाने अंतिम सामन्यात हरवलं, तो टीव्हीवर सुमारे १ कोटी ८९ लाख लोकांनी पाहिला. मुलांच्या अंतिम सामन्यापेक्षा कितीतरी जास्त.

आणि नेमक्या याच वेळी पैशाचा मोठा दरवाजा उघडला. एकेकाळी खेळाडूला शिष्यवृत्तीपलीकडे दमडी घेता येत नसे. १ जुलै २०२१ पासून स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर जाहिराती करून कमावता येऊ लागलं. ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध केलेल्या खटल्यातल्या एका मोठ्या तडजोडीला मंजुरी दिली. त्यानुसार जुन्या खेळाडूंना सुमारे २८० कोटी डॉलर भरपाई द्यायची आणि यापुढे विद्यापीठांना थेट खेळाडूंना पैसे देण्याची मुभा, पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यापीठाला जास्तीत जास्त सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. अनेक बड्या विद्यापीठांनी वाटणी कशी योजली? ढोबळमानाने पाऊण हिस्सा फुटबॉलला, पंधरा टक्के मुलांच्या बास्केटबॉलला, पाच टक्के मुलींच्या बास्केटबॉलला आणि उरलेले पाच बाकी सगळ्या खेळांना मिळून.

हे पैसे टायटल नाइनच्या कक्षेत येतात का? जानेवारी २०२५ मध्ये शिक्षण खात्याने सांगितलं, येतात. फेब्रुवारीत नव्या सरकारच्या त्याच खात्याने ते पत्रक मागे घेतलं. तडजोड मंजूर होताच आठ स्त्री खेळाडूंनी भरपाईच्या वाटणीविरुद्ध अपील केलं. बाजारभावाप्रमाणे वाटलं, असं म्हणणाऱ्यांची बाजू मला कळते. बुटांच्या कंपनीने एखाद्या मुलाला परस्पर पैसे दिले, तर तो त्यांचा आपसातला व्यवहार झाला. पण इथे चेकवर सही विद्यापीठाची आहे, आणि सरकारी मदत घेणाऱ्या संस्थेने काय करायचं नाही, ते त्या सदतीस शब्दांत लिहिलेलं आहे. १९७४ मध्ये टॉवरसाहेबांनी मागितलेली सूट संसदेने तेव्हा दिली नव्हती. ती आता मागच्या दाराने मिळते का, हे ठरवणं न्यायालयांच्या हातात आहे.

नमस्कार.