सिस्टरच्या निळ्या पेटीत काय असतं

(दृश्य : उजाडताना आरोग्य केंद्राचं आवार, मागं उसाचं रान)

करवीर तालुक्यातलं एक प्राथमिक आरोग्य केंद्र. ओपीडीची लाईन अजून लागलेली नाही, पण आत एका खोलीत काम कधीच सुरू झालंय. हा जो लसी ठेवायचा, वरनं उघडणारा पांढरा फ्रीज दिसतोय ना, त्याला इथं सगळे आयएलआर, म्हणजे आईस-लाईन्ड रेफ्रिजरेटर म्हणतात. घरच्या फ्रीजसारखं पुढं दार नाही त्याला, कारण थंड हवा जड असते, झाकण वरनं उघडलं तरी ती खालीच बसून राहते आणि लाईट गेली तरी आतला गारवा बराच वेळ टिकतो. आत 2 ते 8 डिग्री. त्याच्या खाली नाही आणि वरही नाही. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा थर्मामीटर बघून वहीत आकडा लिहायचा, मग सुट्टी असो नाहीतर गावची जत्रा असो.

लस उन्हानं खराब होते हे सगळ्यांना माहीत असतं, गोठूनही खराब होते हे फार कमी जणांना माहीत असतं. पाच रोगांची पेंटा, न्यूमोनियाची पीसीव्ही, धनुर्वात-घटसर्पाची टीडी, काविळीची हेपॅटायटिस बी, ह्या एकदा गोठल्या की संपल्या, परत वितळवून काही उपयोग नाही. शंका आली तर अशी बाटली हलवून बाजूला ठेवून बघतात, गोठून गेलेल्या लसीचा चोथा भराभर तळाला बसतो. आता बाटलीवरचं हे बारकं चिन्ह बघा, कॅमेरा जेवढा जवळ नेता आला तेवढा नेलाय. बाहेर जांभळा गोल आणि आत फिकट चौकोन. लसीला जसजशी उष्णता लागत जाते तसतसा चौकोन गडद होत जातो, आणि त्याचा रंग गोलाएवढा झाला की ती बाटली वापरायची नाही. पोराला घेऊन गेल्यावर आईबापानं हे चिन्ह दाखवा म्हणून सिस्टरला सांगायला काहीच हरकत नाही, विचारलं पाहिजेच.

(दृश्य : बर्फाच्या पिशव्या टेबलावर, घाम सुटलेल्या)

लसी गावात न्यायच्या ह्या निळ्या पेटीत डीप फ्रीजरमधनं काढलेले आईसपॅक थेट टाकत नाहीत. ते आधी असे बाहेर मांडून ठेवतात, घाम सुटेपर्यंत. मग सिस्टर एकेक उचलून कानाशी हलवते. आत पाण्याचा खळखळ आवाज आला की मगच पेटीत, नाहीतर पेंटाची बाटली बर्फाला चिकटून गोठायची. चार बाजूंना चार पॅक, मधे पिशवीत बाटल्या, झाकण घट्ट, आणि पेटी निघाली मोटारसायकलवरनं.

(दृश्य : अंगणवाडी, चटई, आया आणि बाळं)

आता पेटी उघडली. यातल्या सगळ्या लसी एकसारख्या नसतात, आणि कुणाला कुठली चालत नाही हे समजायचं असेल तर आधी हा फरक समजायला पाहिजे.

ही गडद रंगाची बाटली बीसीजीची. क्षयासाठी, म्हणजे लहान बाळांना मेंदूचा टीबी वगैरे भयंकर प्रकार होऊ नयेत म्हणून. ही जिवंत लस, आतले जंतू जिवंत पण कमजोर केलेले. काल्मेट आणि गेरां या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी 1908 पासून गाईच्या क्षयाचे जंतू पित्त आणि बटाट्याच्या माध्यमात पुन्हापुन्हा वाढवले, तेरा वर्षं, दोनशेच्या वर वेळा, तोपर्यंत त्या जंतूची रोग करायची ताकद गेली. 1921 मध्ये पहिल्या बाळाला दिली आणि आज आपल्याकडं बाळ जन्मलं की डाव्या दंडावर तीच टोचतात. काही आठवड्यांनी तिथं फोड येतो, फुटतो, वण राहतो. तो यायलाच पाहिजे, त्यावर हळद नाही, मलम नाही, काही लावायचं नाही. पोलिओचे दोन थेंब, जुलाबाच्या विषाणूवरचा रोटाचा डोस आणि गोवर-रुबेलाची म्हणजे एमआरची सुई, ह्याही जिवंत लसी.

दुसरा प्रकार मारलेल्या जंतूंचा. पोलिओची सुई, कुत्रं चावल्यावरची रेबीजची लस. यातली एक जुनी गोष्ट आपल्या मुंबईतली आहे. 1896 ला प्लेग आला तेव्हा हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञानं तिथंच प्लेगचे जंतू वाढवून उष्णतेनं मारून लस बनवली आणि 10 जानेवारी 1897 ला पहिली सुई स्वतःला टोचून घेतली. शाहू महाराजांच्या काळात कोल्हापूर संस्थानातही प्लेग आला, लोकं घरं सोडून रानात झोपड्या घालून राहिली.

(दृश्य : आज्जीचा दंड, दोन गोल वण)

आणि ह्या आज्जींच्या दंडावरचे वण देवीच्या लसीचे. अंगणवाडीत नातवाला घेऊन आल्यात, आम्ही विचारलं तर लगेच बाही वर करून दाखवली. भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण 1975 चा, 1980 ला जगातनं रोग गेल्याचं जाहीर झालं, त्यामुळं त्यांच्या पोरांच्यात धाकट्याच्या दंडावर हा वण नाहीच.

धनुर्वात आणि घटसर्प यांची लस आणखी वेगळी. यात जंतू नसतोच, जंतूनं सोडलेलं विष असतं, फॉर्मालिननं निकामी केलेलं. नांगी काढलेला विंचू म्हणा. शरीर त्याला ओळखून ठेवतं, पण तो डसू शकत नाही. हेपॅटायटिस बी ची लस म्हणजे विषाणूच्या वरच्या कवचातलं एकच प्रथिन, ते यीस्टमध्ये बनवतात, बाळाला जन्मल्यापासून 24 तासांत. न्यूमोनियाच्या पीसीव्हीमध्ये जंतूच्या वरची साखरेची साल प्रथिनाला जोडलेली असते, कारण नुसती साल दोन वर्षांखालच्या बाळाचं शरीर नीट ओळखत नाही. आणि पेंटा म्हणजे एकाच सुईत पाच रोग, घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ बी आणि मेंदूज्वर-न्यूमोनिया करणारा हिब जंतू. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्याला, डाव्या मांडीत. कोविडमध्ये कोविशील्ड घेतली ती अजून वेगळ्या जातीची, चिंपांझीच्या सर्दीच्या विषाणूवर कोरोनाचं एक प्रथिन बनवायचा निरोप बसवून पाठवलेली.

(दृश्य : सिस्टर आणि एक आई, आवाज चालू ठेवणे)

"ताई, सर्दी हाय ओ ह्याला, आज नको, पुढच्या म्हैन्यात येतो."
"ताप हाय काय?"
"न्हाई, नाक वाहतंय नुसतं."
"मग बसा की हितं, सर्दीला चालतंय."

हा एवढाच संवाद, पण ह्या फिल्ममधलं सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे असं आम्हाला वाटतं. लस कुणाला द्यायची नाही याची खरी यादी लहान आहे, घराघरात बनलेली यादी मात्र लांबलचक आहे. सर्दी, बारीक ताप, थोडे जुलाब, अँटिबायोटिक चालू, वजन कमी, घरात कुणाला फिट यायची, आईचं दूध चालू, ह्यातलं एकही कारण लस थांबवायचं नाही. दिवस भरायच्या आधी झालेल्या बाळालाही महिने मोजायचे ते जन्मतारखेपासूनच. आणि अंड्याची ॲलर्जी आहे म्हणून गोवरची लस टाळायची गरज नसते.

मग थांबायचं कुणी? आधीच्या डोसनंतर श्वास कोंडला, तोंड सुजलं, अंगभर गांधी उठून बाळ निपचित पडलं असं झालं असेल, तर तीच लस परत नाही. डांग्या खोकल्याच्या लसीनंतर सात दिवसांत दुसरं कारण न सापडता मेंदूवर परिणाम झाला असेल, बाळ बेशुद्ध पडलं किंवा लांबच लांब झटके आले असतील, तर पेंटा किंवा डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांची एकत्र लस) नाही. जन्मतःच प्रतिकारशक्ती नसलेलं बाळ, किमो चालू असलेला पेशंट, जास्त डोसचं स्टेरॉईड घेणारा, एचआयव्हीची लक्षणं दिसणारं बाळ, यांना जिवंत लसी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीत, कारण कमजोर केलेला जंतूसुद्धा तिथं वाढू शकतो. आतड्यात आतडं अडकण्याचा त्रास एकदा झालेल्या बाळाला रोटा नाही. नुकतंच रक्त चढवलं असेल तर गोवरची लस काही महिने पुढं ढकलतात. गरोदर बाईला गोवर-रुबेला किंवा कांजिण्याची लस नाही, पण टीडी हवीच, ती निकामी केलेल्या विषाची असते. बाळ जास्तच आजारी, ॲडमिट करण्याइतकं, तर बरं झाल्यावर.

आणि कुत्रं चावल्यावर ही यादीच बंद. गरोदर असो, म्हातारा असो, रेबीजची लस सगळ्यांना, कारण एकदा लक्षणं दिसली की माणूस वाचत नाही. आधी जखम पंधरा मिनिटं साबणानं वाहत्या पाण्याखाली धुवायची, आणि मग लगेच दवाखाना. सीपीआरला, म्हणजे कोल्हापुरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात, रेबीजच्या इंजेक्शनची रांग आम्हाला शूट करता आली नाही.

(दृश्य : घड्याळ, बाटलीवर वेळ लिहिताना)

बीसीजी आणि एमआरची बाटली तिच्यासोबतच्या द्रावणात कालवली की त्यावर वेळ लिहितात, चार तास झाले की उरलेली टाकून द्यायची, त्यात जंतू वाढले तर बाळाच्या जिवावर बेततं. टोचून झाल्यावर अर्धा तास बसवून ठेवतात, रिॲक्शन आलीच तर ती सिस्टरसमोर यावी म्हणून. पेंटानंतर रात्री ताप येऊ शकतो, मांडी दुखते, बाळ रडतं, पॅरासिटामॉलचा डोस सिस्टर वजनाप्रमाणं सांगते.

(दृश्य : दुपार, ऊसतोडीची पालं)

शेवटची पेटी येते ती इथं. कारखान्याच्या टोळ्या बीडकडनं आल्यात, पोरं उसातच. आशाताई आधी दोन दिवस फिरून कुठल्या पालात किती लहान लेकरं आहेत ते लिहून गेली होती. ह्या मुलीचे दोन डोस गावाकडं झालेत, तिसरा राहिला. आई म्हणते आता पहिल्यापासून करावं लागेल ना? नाही लागत. राहिला तिथनं पुढं. गोवरचा डोस चुकला असेल तर पाच वर्षांपर्यंत देता येतो, बीसीजी मात्र एक वर्षापर्यंतच. गोवर अंगावर काढला तर न्यूमोनिया होतो, डोळे जातात, लेकरू दगावतं.

कार्डावर सिस्टर पुढच्या डोसची तारीख लिहिते. तोवर कारखाना बंद झालेला असेल, ही टोळी परत गावाकडं गेलेली असेल. कार्ड सोबत न्यायचं, कुठल्याही सरकारी केंद्रात दाखवलं की पुढचा डोस मिळतो, पैसे लागत नाहीत.