साल बघा, काप बघा: सरपणाची ओळख

नमस्कार श्रोतेहो. मृग लागायच्या आत जळण भरून ठेवायची घाई घरोघरी असते. पण फोडलेल्या लाकडाला ना पान, ना फूल, ना फळ. झाड ओळखायला उरते ती साल आणि कापलेलं तोंड.

ऐन चटकन ओळखू येतो. काळपट साल, उभ्याआडव्या खोल भेगांनी चौकटी पडलेली, थेट मगरीची पाठ! खैराची साल लांबट पट्ट्यांनी सुटते. कापावर बाहेर पिवळट कड आणि आत लाल गाभा.

फसगत होते ती पांढऱ्या सालीत. उन्हाळ्यात डोंगरउतारावर धावडा आणि कांडोळ दोन्ही लांबून पांढरेच दिसतात. जवळ जाऊन पाहा. धावड्याच्या सालीचे वेडेवाकडे पापुद्रे गळतात आणि तिथे उथळ खळगे राहतात. कांडोळाची साल कागदासारखी पातळ सुटते, आणि आतल्या सालीचे दोरासारखे तंतू निघतात. तरी शंका असेल तर ढलपी हातात घ्या. धावडा चांगला जड. कुऱ्हाडीचा दांडा त्याचा करतात, त्याचा निखाराही टिकतो. कांडोळ हलका, भुरकन जळून जातो. ज्याच्या डिंकाला बाजारात भाव आहे, ते झाड चुलीत घालून काय हशील?

नुसत्या सालीवर मात्र विसंबू नका. कोवळ्या फांदीची साल जुन्या खोडासारखी नसते. अशा वेळी आडव्या कापाचा नखाएवढा भाग धारदार चाकूने तासा आणि ओला करा. करवतीच्या खरखरीत कापावर काही दिसत नाही, तासलेल्यावर बारीक छिद्रं उमटतात. सागात मोठी छिद्रं वर्षाच्या वलयाच्या सुरुवातीला ओळीने बसलेली असतात. बाभळीत ती विखुरलेली, आणि त्यांच्याभोवती फिकट कड. साधं भिंग असेल तर फारच छान.

आणि बिब्बा! याची ओळख प्रत्येक सरपणवाल्याला हवीच. सालीला घाव बसला की चीक येतो, हवा लागताच तो काळा पडतो, आणि अंगाला लागला तर फोड उठतात. मोळीत असं काळं डागाळलेलं लाकूड दिसलं, तर उघड्या हाताने चाचपू नका. काठीने बाजूला सारा, चुलीत घालू नका, आणि घरातल्या पोरांनाही ते दाखवून ठेवा.