विंचचा दोर कशाला बांधायचा?

(दृश्य: जुलै. कोकणातली एक पाणंद. दोन्ही बाजूंना लावणी झालेली भातखाचरं. मधोमध जीप, पुढची दोन्ही चाकं चिखलात.)

चाकं गरगर फिरतायत, गाडी जागची हलत नाही. ॲक्सिलरेटर जितका दाबावा तितकी ती खाली जाते. म्हणून आधी पाय काढायचा. इंजिन चालू राहू दे, चाकं थांबू दे.

पुढच्या बंपरवर विंच आहे, म्हणजे ड्रमवर (रिळावर) दोर गुंडाळत गाडी ओढणारं यंत्र. ९,५०० पौंडांची, म्हणजे साधारण ४,३०० किलोंची ओढ. गाडी सामानासकट दोन टनांची. आकडे ऐकून वाटतं, आता काय, सुटलोच. पण दोराचं दुसरं टोक बांधायचं कशाला? जे गाडीच्या आधी हलणार नाही, असं काहीतरी समोर हवं. ऑफरोडवाले त्याला अँकर म्हणतात.

मूळ मलेशियातली रेनफॉरेस्ट चॅलेंज ही ऑफरोड गाड्यांची स्पर्धा २०१४ साली पहिल्यांदा गोव्याच्या पावसात आली. तिथे एक दृश्य पुन्हा पुन्हा दिसतं. गाडी रुतते, सहचालक उडी मारतो आणि खांद्यावर पट्टा टाकून झाडाकडे धावत सुटतो. त्याची नजर आधीच तयार असते. आपण पाणंदीत उभे राहून तीच नजर वापरून बघूया.

(दृश्य: कॅमेरा हळूहळू चारी बाजूंना फिरतो.)

सर्वांत जवळ विजेचा खांब आहे. त्याला हात लावायचा नाही. खांब वाकला तर वर जिवंत तारा आहेत. पलीकडे जांभ्याच्या दगडांचा गडगा आहे. दगडावर दगड नुसता रचलेला, पहिल्या ओढीला ढासळेल. शिवाय तो कुणाच्या तरी आजोबांनी रचलेला आहे.

मग झाडं. दहा पावलांवर शेवगा: लाकूड ठिसूळ, सोडून द्या. पंचवीस मीटरवर बांधाच्या कडेला ऐन आहे. खोड कवेत न मावणारं, हिरवं, सरळ उभं. मुळाशी माती फुगलेली नाही, भेग नाही. हे चालेल.

इथे कुणी म्हणेल, एवढ्या लांब कशाला? लांबचं झाडच बरं. विंचची पाटीवरची ताकद ड्रमवरच्या अगदी आतल्या थराची असते. दोर जितका गुंडाळलेला, तितका ड्रमचा घेर मोठा आणि ओढ कमी. वरच्या थरावर तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त ताकद गेलेली असते. फक्त ड्रमवर तारेची निदान पाच वेटोळी राहू द्यायची, सिंथेटिक दोराची आठ-दहा. नाहीतर टोकच निसटतं.

झाडाला तार थेट बांधायची नाही. सालीच्या लगेच खाली झाडाचा जिवंत थर असतो, तार तो कापत जाते. सगळ्या बाजूंनी तो कापला गेला की झाड उभं राहूनही मरतं. तीन इंची रुंद पट्टा खोडाच्या बुंध्याशी, जमिनीलगत घालायचा. जितका वर बांधाल तितकी झाड उपटायला मदत कराल. पट्ट्याची दोन्ही टोकं शॅकलमध्ये, म्हणजे दोर अडकवायच्या लोखंडी कडीत आणायची. त्या दोन टोकांमधला कोन अरुंद हवा. तो १२० अंशांपर्यंत फाकला, तर पट्ट्याच्या प्रत्येक बाजूवर पूर्ण ओढीइतका ताण येतो. म्हणून पट्टा लांब घ्यावा, आखूड पट्ट्यानं खोड आवळू नये.

आणि झाड देवराईतलं असेल, तर पट्टा गाडीतच राहू दे. दुसरी वाट शोधायची.

(दृश्य: दुसरी जागा. सड्याच्या, म्हणजे उघड्या कातळपठाराच्या कडेची वाट. क्षितिजापर्यंत एकही झाड नाही.)

आता अवघड भाग. इथे झाड नाही. सड्यावर मातीचा थर वीतभर, खाली जांभा. पावसाळ्यात या थरात फुलं येतात, त्यामुळे मळलेली वाट सोडून सड्यावर गाडी घालूच नये. पण वाटेच्या खोलगट भागातसुद्धा गाडी बसते.

समोर काळा दगड दिसतो. तो नुसता पडलेला आहे की जमिनीतून वर आलेला आहे, हे बघायचं. एक मीटर लांब, रुंद, उंच दगड तीन टनांच्या आसपास भरतो. पण ओल्या मातीवर नुसता बसलेला दगड आपल्या वजनाइतकी ओढ धरत नाही, सरकत येतो. जमिनीत मुळासकट असलेला कातळ मिळाला तर मात्र सोनं. धारेवर गोणपाट टाकून मग पट्टा घालायचा.

तेही नसेल, तर खोलगट भागात जिथे माती साठलेली असेल तिथे अँकर बनवावा लागतो. शेतकऱ्याला हे नवीन नाही. बैल बांधायचा खुंटा ओढीच्या उलट्या बाजूला कलता ठोकलेला असतो, ते उगाच नाही. पहारी तशाच ठोकायच्या: एकीमागे एक, ओळीत, डोकी गाडीपासून दूर कललेली. पुढच्या पहारीचं डोकं मागच्या पहारीच्या पायाशी घट्ट बांधायचं. पुढची वाकायला लागली की मागची तिला धरते.

अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी याचे आकडे काढले आहेत. चांगल्या पोयट्याच्या मातीत एक खुंट साधारण ३२० किलो धरतो. दोन एकमेकांना बांधले तर ६३५. तीन, मागे दोन, मागे एक असे सहा ठोकले तर जवळपास १,८००. नदीकाठच्या चिकण, ओल्या मातीत हे आकडे निम्मे करायचे. म्हणजे सहा पहारींना ९०० किलो.

गाडी किती मागते? त्याच लष्करी हिशोबानं, चाकाच्या मध्यापर्यंत रुतलेली गाडी स्वतःच्या वजनाइतकी ओढ मागते. मडगार्डपर्यंत रुतली तर दुप्पट. आपली दोन टनांची जीप चार टन मागेल. पहारी धरणार ९०० किलो.

इथे बरेच जण स्नॅच ब्लॉक, म्हणजे पुली काढतात: ती अँकरला लावून दोर परत गाडीला आणतात. पुलीनं विंचवरचं ओझं निम्मं होतं, हे खरं. अँकरवरचं होत नाही. गाडी जेवढं मागेल तेवढं अँकरला धरावंच लागतं. पुलीच्या जोरावर विंच त्याला जवळपास दुप्पट ताण देऊ शकते, म्हणजे कच्चा अँकर आणखी लवकर उपटतो.

(दृश्य: फावडं. चाकापुढचा चिखल उपसला जातोय. बराच वेळ हेच दृश्य.)

म्हणून फावडं. मला या सगळ्या सामानात फावड्याइतका भरवसा कशाचाच वाटत नाही. चाकांपुढचा चिखल काढायचा, चाकाला चढता येईल असा उतार कापायचा, पोटाखाली अडकलेली माती मोकळी करायची, टायरमधली हवा कमी करायची. उथळ चिखलातली गाडी वजनाच्या तिसऱ्या हिश्श्यावर हलते. दोन टनांचे सातशे किलो झाले. आता त्या सहा पहारींना जमण्यासारखं आहे. अर्धा तास खणलं, तेव्हा अँकर मजबूत झाला. पहारींना हातही न लावता.

माती खोल असेल तर स्टेपनी पुरायची. ओढीला आडवा चर, शक्य तितका खोल, मीटरभर तरी. चाक उभं, तोंड गाडीकडे. चाकामागे आडवी पहार, तिला पट्टा, आणि पट्टा मधल्या भोकातून पुढे. पट्ट्यासाठी गाडीच्या बाजूला उतरता चर वेगळा खणायचा, नाहीतर पट्टा चाकाला वर उचलतो. मग माती भरून तुडवायची. चाकासमोरची न हललेली माती सगळा भार घेते. म्हणून ती बाजू खणताना ढासळू द्यायची नाही. ओंडका असेल तर तोही असाच पुरतात. इंग्रजीत या अँकरला डेडमॅन म्हणतात.

(दृश्य: दोर हळूहळू ताठ होतो. त्यावर जाड घोंगडी टाकलेली.)

पहिली ओढ थोडीच द्यायची. थांबायचं. पहारींकडे, पट्ट्याकडे, चराच्या कडेकडे बघायचं. मातीत भेग दिसली तर सोडून द्यायचं आणि पुन्हा खणायचं. उपटलेली पहार गोळीसारखी येते. दोराच्या रेषेत कुणी नको, दोर ओलांडायचा नाही, बघायला जमलेली मुलं दोराच्या लांबीहून दूर.

मग विंच पुन्हा चालू. चाकं हलक्या हातानं फिरवत गाडीनं स्वतःही चढायचं. एक हात, दोन हात. पुढचा टायर कापलेल्या उतारावर येतो आणि चिखल सोडतो.

(दृश्य: संध्याकाळ. जीप कोरड्यावर. चौघे जण फावडी घेऊन परत मागे जातात.)

पट्टा सोडल्यावर ऐनाची साल हातानं चाचपून बघितली, शाबूत आहे. पहारी काढल्या. चर बुजवला, वर दगड टाकून दाबला. पाणंदीतले चाकांचे खड्डेही भरले. थोड्या वेळात याच वाटेनं गुरं घरी येतील.