फिल्म आत अडकते तेव्हा

पोलरॉइडचा एसएक्स-७० हा घडी उलगडून वापरायचा कॅमेरा. तो १९७२ साली आला आणि छायाचित्र स्वतःहून बाहेर टाकणारे यंत्र सामान्य माणसाच्या हाती पहिल्यांदा पडले. बटण दाबल्यावर आतला आरसा वर उचलला जातो, फिल्मवर प्रकाश पडतो, आरसा पुन्हा खाली येतो आणि लेन्सच्या खालच्या फटीतून चौकोनी छायाचित्र बाहेर सरकते. हे सारे दीड-दोन सेकंदांत उरकते. त्या अवधीत ऐकू येणारा मोटरचा आवाज पुष्कळांना यंत्राचा किरकोळ गोंगाट वाटतो. फिल्म बाहेर येईनाशी झाली की मात्र बिघाडाचा पहिला पुरावा त्याच आवाजात सापडतो, आणि म्हणून स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी कान देऊन ऐकावे, असे आमचे मत आहे.

आवाजाचा अर्थ लावण्यासाठी आतली रचना ठाऊक हवी. पॅकमध्ये फिल्म एकावर एक रचलेल्या असतात आणि खालची स्प्रिंग त्यांना वर दाबून धरते. पॅकच्या मागच्या कोपऱ्यातील खाचेत एक छोटा धातूचा आकडा शिरतो, सर्वांत वरच्या फिल्मची कड पकडतो आणि तिला पुढे ढकलतो. पुढे पोलादी रोलरची जोडी फिरत असते. फिल्मच्या रुंद पांढऱ्या पट्टीत दडलेली रसायनाची पिशवी या रोलरांच्या दाबाने फुटते आणि तिच्यातील दाट, अल्कधर्मी लेप फिल्मच्या थरांमध्ये सारखा पसरतो. म्हणजे रोलर फिल्म बाहेर काढतात आणि त्याच फेरीत तिची रासायनिक प्रक्रियाही सुरू करतात. त्यामुळे बाहेर येण्यातला दोष बहुधा चित्रावरही उमटतो.

आता पहिला प्रकार पाहू: बटण दाबले आणि कॅमेरा पूर्ण गप्प राहिला. एसएक्स-७० आणि १९८१ साली सुरू झालेल्या ६०० मालिकेतील कॅमेऱ्यांना स्वतःची बॅटरी नसते. सहा व्होल्टची चपटी बॅटरी फिल्मच्या पॅकमध्येच, फिल्मच्या थराखाली बसवलेली असते. कॅमेरा मेला असे वाटते तेव्हा पुष्कळदा पॅक मेलेला असतो. कपाटात वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या पॅकवर विसंबून यंत्राविषयी निर्णय देऊ नये. आणखी एक घोटाळा नव्या फिल्मचा आहे. आय-टाइप नावाच्या फिल्मच्या पॅकमध्ये बॅटरीच नसते, कारण ती नव्या, चार्ज होणाऱ्या कॅमेऱ्यांसाठी बनवलेली आहे. जुन्या कॅमेऱ्यात ती व्यवस्थित बसते आणि काहीही घडत नाही. पॅक योग्य आणि ताजा असूनही शांतता कायम राहिली, तर पॅकच्या कप्प्यातील स्प्रिंगसारख्या लवचीक धातूच्या पट्ट्या तपासाव्यात. त्यांवर गंज किंवा मळ चढलेला असतो आणि तो पेन्सिलच्या खोडरबराने हलक्या हाताने निघतो. फिल्मचे दार नीट, टक् असा आवाज येईपर्यंत बंद झाले आहे ना, हेही पाहावे; ही गोष्ट इतकी साधी आहे की ती सर्वांत शेवटी आठवते.

दुसरा प्रकार म्हणजे कण्हल्यासारखा, ओढत चाललेला आवाज आणि अर्धवट बाहेर येऊन थांबलेली फिल्म. इथे बॅटरीत जीव असतो, पण पुरेसा नसतो. थंडीत हा त्रास वाढतो, कारण बॅटरी मंदावते आणि लेपही घट्ट होतो. एसएक्स-७०मध्ये अशा वेळी आरसा वरच राहतो आणि व्ह्यूफाइंडरमध्ये काळोख दिसतो. पुष्कळ लोक त्याला लेन्सचा बिघाड समजतात, पण अपुरे राहिलेले चक्र ताजा पॅक घातल्यावर बहुधा पुरे होते. अडकलेली फिल्म सरळ रेषेत, आडवी न वाकवता, बाहेरच्या दिशेने सावकाश ओढावी. ती मागे ढकलू नये, कारण पिशवी आतच फुटली तर लेप गिअरांत जातो आणि तिथे वाळल्यावर दगडासारखा होतो. हा लेप त्वचेला भाजू शकतो, म्हणून हातमोजे घालावेत आणि बोटाला लागल्यास ताबडतोब भरपूर पाण्याने धुवावे. ते एक चित्र गेलेच, असे धरून चालावे; ते वाचवण्याच्या हट्टापायी कॅमेरा गमावणारे कमी नाहीत.

तिसऱ्या प्रकारात मोटर खणखणीत चालते, तरी फटीतून काहीच येत नाही. मोटर चालते म्हणजे वीज पोहोचली, तेव्हा संशय आकड्यावर जातो. पॅक तळापर्यंत बसलेला नसेल तर आकडा फिल्मच्या कडेला चुकतो. पॅक एकदा काढून पुन्हा घट्ट बसवला की अनेकदा एवढ्यानेच काम होते. आकडाच वाकलेला असेल तर तो एकही फिल्म पकडत नाही किंवा एकदम दोन ढकलतो. त्याला पुन्हा वळण देणे केसभराचे काम आहे, आणि अंदाजाने पक्कड चालवणाऱ्याच्या हातून ते सहसा बिघडते.

रोलरांविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण दुर्लक्ष तिथेच अधिक होते. प्रत्येक पॅकनंतर रोलरांवर, विशेषतः त्यांच्या टोकांना, लेपाचा पातळ थर राहतो. तो वाळला की दोन रोलरांमधील अंतर बदलते, दाब विषम होतो आणि फिल्म तिरकी किंवा अडखळत बाहेर येते. चित्रावर ठरावीक अंतराने तोच ठिपका पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर तो रोलरवरच्या एकाच खड्याचा ठसा आहे असे समजावे, कारण रोलरच्या प्रत्येक फेऱ्याला खडा पुन्हा फिल्मवर येतो. दार उघडून, बाजूचा गिअर बोटाने फिरवत, किंचित ओल्या आणि धागे न सोडणाऱ्या कापडाने रोलर पुसावेत. सुरी किंवा ब्लेडने खरवडू नये. पोलादावर पडलेला ओरखडा पुढच्या प्रत्येक चित्रावर उमटत राहतो. दार उघडताना पॅकमध्ये फिल्म उरली असेल तर वरची फिल्म प्रकाशाने वाया जाते. ६०० मालिकेच्या कॅमेऱ्यांत तर दार बंद होताच कॅमेरा पॅक नवा समजतो आणि एक फिल्म आपणहून बाहेर टाकतो. म्हणून सफाई पॅक संपल्यावरच करावी.

काही वेळा दोष वापरणाऱ्याचा किंवा कॅमेऱ्याचाही नसतो. १९८६ साली आलेल्या पोलरॉइडच्याच स्पेक्ट्रा कॅमेऱ्यांत पुढच्या काळात बनलेली फिल्म वारंवार अडकू लागली, आणि २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये तिचे उत्पादनच थांबवण्यात आले.

कटकट असा दातांचा आवाज आला, तर गिअरचा दात झिजला किंवा तुटला असण्याची शक्यता मोठी आहे. इथे घरगुती दुरुस्ती थांबते. फ्लॅश असलेल्या कॅमेऱ्याच्या आत शेकडो व्होल्ट साठवणारा कपॅसिटर असतो आणि तो पॅक काढल्यानंतरही झटका देऊ शकतो.

इतर सर्व उपाय करून झाल्यावर चाचणीसाठी महागडी फिल्म खर्च करू नये. रिकाम्या झालेल्या पॅकमधील बॅटरीत बहुधा बराच जीव उरलेला असतो. नव्या पॅकमध्ये फिल्मवर असलेले आणि सर्वांत आधी बाहेर येणारे काळे आवरण जपून ठेवावे, ते अशा पॅकमध्ये पुन्हा सरकवावे, पॅक कॅमेऱ्यात बसवावा आणि दार बंद करावे. आवरण एका दमात, सरळ, न अडखळता बाहेर आले, तर नवा पॅक उघडायला हरकत नाही.