पेटी: अनेक हातांनी घडवलेलं वाद्य

(पडद्यावर: देवळातलं भजन. टाळ, पखवाज, आणि मधोमध पेटी.)

वारकऱ्यांचं भजन असो, गुरुद्वारातलं कीर्तन असो की कव्वालीची मैफल, पेटी तिथे असतेच. ती इतकी आपली झाली आहे, की बाहेरून आली म्हटलं तर अनेकांना खरं वाटत नाही. शिवाय ती कुठल्या एकाच देशातून आलेली नाही. तिचा एकच एक शोधकर्ताही दाखवता येत नाही.

(पडद्यावर: कारागिराच्या हातातली पितळी पत्ती.)

पेटीचा जीव या पत्तीत असतो. एक टोक घट्ट बसवलेलं, दुसरं मोकळं, आणि खाली जेमतेम तिच्या मापाची फट. फटीतून हवा गेली की पत्ती थरथरते आणि सूर निघतो. सूर लावायची रीतही पाहण्यासारखी आहे. पत्ती टोकाशी घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो. कारागीर घासतो, वाजवून ऐकतो, पुन्हा घासतो.

ही युक्ती पूर्वेकडची. चीनमध्ये ‘शेंग’ नावाचं बांबूच्या नळ्यांचं वाद्य दोन हजारांहून अधिक वर्षं मोकळ्या पत्तीवर वाजतं आहे. अठराव्या शतकात ते युरोपात पोचलं. त्याच शतकात, १७८० च्या सुमारास, कोपनहेगनचे प्राध्यापक क्रात्झेनस्टाइन यांनी माणसासारखे आ, ए, ई, ओ, ऊ असे उच्चार काढणारी नळ्यांची यंत्रणा तयार केली. तिच्यातही मोकळी पत्ती होती. त्यांना वाद्य करायचंच नव्हतं. तोंडातून स्वर कसा घडतो, हे समजून घ्यायचं होतं. पुढे युरोपातल्या वाद्यकारांनी त्या पत्तीवर निरनिराळे प्रयोग केले आणि १८४२ मध्ये पॅरिसच्या अलेक्झांड्र देबँ यांनी ‘हार्मोनियम’ या नावानं पेटंट घेतलं. त्यातल्या पट्ट्या ऑर्गन आणि पियानोवरून आल्या होत्या आणि पत्ती शेंगच्या जातीची होती. भाता तर या सगळ्यांहून जुना.

(पडद्यावर: चर्चमधली जुनी पायपेटी.)

मिशनऱ्यांबरोबर हे वाद्य हिंदुस्थानात आलं. जड, उभं, खुर्चीवर बसून पायांनी भाता मारायचा. आपले गवई मात्र जमिनीवर मांडी घालून बसणारे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी, म्हणजे ‘द्वारकिन’ कंपनीच्या संस्थापकांनी, या वाद्याला आपल्या बैठकीचं रूप दिलं. हातानं भाता मारायची छोटी वाद्यं फ्रान्समध्येही होती, तेव्हा तीही कल्पना अगदीच नवी नव्हती.

पण इथे क्षणभर थांबायला हवं, कारण मला या सगळ्या प्रवासातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते. पाश्चात्त्य वादकाला दोन्ही हात पट्ट्यांवर लागतात. उजव्या हाताची धून आणि डाव्या हाताची स्वरसंगत एकत्र वाजते. आपलं संगीत एका सुरामागून दुसरा सूर असं उलगडत जातं. त्याला उजवा हात पुरतो. डावा मोकळाच होता, म्हणून भाता पाठीमागे नेऊन त्या हाताकडे सोपवता आला. पाय सुटले, वाद्य हलकं झालं, मांडीपुढे मावलं. संगीत नेमकं कसं चालतं हे ज्याला ठाऊक होतं, त्यालाच काय काढून टाकता येईल ते दिसलं.

(पडद्यावर: संगीत नाटकांची जुनी छायाचित्रं.)

महाराष्ट्रात त्याच काळात दुसरी एक जुळणी चालू होती. १८८० मध्ये पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आलं. कथा कालिदासाची, साकी-दिंडी ही गायची पद्यरूपं कीर्तनाच्या परंपरेतली, आणि समोर पारशी नाटकमंडळ्यांच्या गाण्याबजावण्याचं उदाहरण. पुढे गावोगाव फिरणाऱ्या मंडळ्यांना पेटी फार सोयीची ठरली. तारा जुळवत बसायला नको, आणि नटानं काळी एक, म्हणजे पहिल्या काळ्या पट्टीचा सूर, म्हटलं की काळी एक हजर. कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे हे पेटीवादक. १९११ च्या ‘मानापमान’साठी त्यांनी पूरबकडच्या ठुमरी-कजरीच्या चाली मराठी पदांत आणल्या. त्या पदांचं मराठीपण आज कुणाला सिद्ध करावं लागत नाही.

पेटीला विरोधही झाला, आणि तो बिनबुडाचा नव्हता. पट्टी दाबली की ठरलेलाच सूर येतो. दोन सुरांमधली मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, येत नाही. बारा सुरांची समान वाटणी आपल्या गंधार-धैवतांना (ग आणि ध) खटकते. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओनं पेटीवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली.

(पडद्यावर: पेटीचं झाकण उघडलेलं, आतल्या पत्त्यांच्या रांगा.)

उणीव दिसली तिथे पुढचे हात लागले. बंदीच्या कितीतरी आधी, विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, कृष्णाजी बल्लाळ देवल आणि आय.सी.एस. अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स यांनी श्रुतींची, म्हणजे बारा सुरांहून बारीक सूरभेद दाखवणारी, पेटी पुढे आणली होती. ती गवयांमध्ये रुजली नाही. पण प्रश्न तसाच होता, म्हणून तो पुन्हा कुणीतरी उचलला. आपल्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी घडवली. षड्ज (सा) आणि पंचम (प) अचल. उरलेल्या दहा स्वरांच्या दोन-दोन श्रुती, खुंटी ओढून रागाप्रमाणे निवडायच्या.

मींड अजून बाकी आहे. आप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर अशा वादकांनी बोटं सुरांवर अलगद सरकवून आणि भात्याचा दाब कमी-जास्त करून तिचा भास उभा केला. ऐकणाऱ्याला ती ऐकू येते, पण पत्तीतून अजून निघत नाही. ते काम हाती घेणाऱ्याला बहुधा पेटीबाहेर पाहावं लागेल. सारंगीकडे, किंवा आज आपल्याला वाद्यही न वाटणाऱ्या एखाद्या वस्तूकडे.