शांत कोपऱ्याला राखण लागते

मंडळी, ठाण्याला तलावांचं शहर म्हणतात. त्यामुळे निवांत बसायला कुठे जावं असं कुणी विचारलं की आपलं बोट आपोआप तलावाकडे जातं. मासुंदा, कचराळी, आंबेघोसाळे, रायलादेवी, उपवन. पण रविवारी संध्याकाळी तलावपाळीला एक फेरी मारून बघा. बोटिंगची रांग, भेळ, फुगेवाले, मधूनच वाट काढणाऱ्या रिक्षा. मजा येते, मीही जातो. पण तिथे बसून दोन मिनिटं काहीच न करता राहणं कठीण. उपवनाला तर येऊरच्या डोंगराची सावली आहे, आणि तिथे शांततेसाठी आलेली मंडळी येताना ब्लूटूथ स्पीकर घेऊन येतात. यावर काय बोलणार?

मी आज बोलणार आहे ते घरापासून पायी दहा मिनिटांच्या आतल्या जागांबद्दल. जिथे जायला चप्पल बदलावी लागते, ती जागा माझ्या यादीत नाही. म्हणून खाडीतले फ्लेमिंगोही आज बाजूला ठेवतो. ठाणे खाडीला 2022 मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता मिळाली याचा आनंद आहेच, पण ऑफिसातून थकून आलेला माणूस फ्लेमिंगो बघायला निघत नाही. त्याला वीस मिनिटं टेकायला जागा हवी असते.

आधी आवाजाचं थोडं सांगतो, कारण माझा धंदा आर्किटेक्टचा. कायद्याने निवासी भागात दिवसा 55 डेसिबल आणि रात्री 45 ही मर्यादा आहे. गोखले रोडच्या फुटपाथवर उभं राहून हे वाक्य मोठ्याने म्हणून दाखवा, शेजारच्याला ऐकू जाणार नाही. पण आवाजाचा उगम आणि आपला कान यांच्यामधली सरळ रेषा एखाद्या भिंतीने नुसती तुटली, तरी साधारण 5 डेसिबल कमी होतात. त्याच गोखले रोडवरून आतल्या गल्लीत वळा आणि पहिल्या इमारतीच्या आड जा. पन्नास पावलांत चिमण्या ऐकू येतात. म्हणजे शांतता लांब गेल्याने मिळते असं नाही, आडोशाला गेल्याने मिळते. कौपिनेश्वराच्या आवारात दुपारी जाऊन बघा. बाहेर जांभळी नाक्याचा बाजार ओरडत असतो, आत दगडी फरशीवर कुणीतरी शांतपणे डुलकी काढत असतं. श्रावणी सोमवारी मात्र जाऊ नका, गेलात तर दर्शनालाच जा. आपलं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 सालचं. वाचनालयात पंखा आणि पान उलटल्याचा आवाज, एवढ्यावर दुपार निघते. हे कोपरे आपल्या पणजोबांनी करून ठेवलेत. आपण फक्त जाऊन बसायचं.

आता खरा मुद्दा. नौपाड्यात एका बोळाच्या टोकाला बकुळीचं झाड आहे आणि त्याखाली सिमेंटचं बाकडं. त्यावर कोरलेलं 'कै.' एवढंच शिल्लक आहे, पुढचं नाव झिजून गेलंय. शेजारी इस्त्रीवाल्याचं टेबल. कोळशाची इस्त्री, ओल्या कापडाचा वास, वर्तमानपत्रात बांधलेली गाठोडी, आणि खिळ्याला अर्ध्या गल्लीच्या घरांच्या किल्ल्या. या बाकड्यावर दुपारी एक मुलगी डबा खाते, मग डोळे मिटून बसते. जवळच्या दवाखान्यात कामाला आहे. मी तिला विचारलं, समोर एवढी मोठी बाग आहे, तिथे का नाही बसत? म्हणाली, "अहो, बागेला दुपारी कुलूप असतं. आणि उघडी असली तरी तिथे एकटीला बघत बसतात लोक. इथे काका असतात ना."

इस्त्रीवाले काका तिच्याशी चार शब्दसुद्धा बोलत नाहीत. नुसते असतात. पुरुष आर्किटेक्टच्या हे पटकन लक्षात येत नाही. ज्या जागेत चिटपाखरूही नाही तिथे बाई निवांत बसूच शकत नाही, ती सतत मागे वळून बघते. कोपऱ्याला राखण करणारं कुणीतरी लागतं, आणि त्याने चौकशा मात्र करायच्या नाहीत. आपल्याकडे दुसरी गोष्ट जमवणं अधिक अवघड आहे, हे तुम्हीही मान्य कराल.

म्हणूनच मला सुशोभीकरण या प्रकाराची धास्ती वाटते. रंगीत दिवे येतात, सेल्फी पॉइंट येतो, 'आय लव्ह' अमुकतमुक अशी भलीमोठी अक्षरं येतात, आणि पहिल्याच दिवशी इस्त्रीवाल्याला टेबल उचलायला लावतात. जागा देखणी होते. मुलगी डबा घेऊन येईनाशी होते.

खाडीपलीकडे, नवी मुंबईत बेलापूरला आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी ऐंशीच्या दशकात आर्टिस्ट व्हिलेज ही वसाहत उभारली. सात घरं, मध्ये साधारण आठ मीटर लांबरुंद अंगण. असे तीन पुंजके मिळून एकवीस घरांचा थोडा मोठा चौक, आणि पुढे तसंच वाढत जाणारं. अंगण सात घरांचं, म्हणजे पारावर कोण बसलंय हे सात घरांना माहीत, पण गावभर बभ्रा नाही. मूळची बरीच घरं आता पाडून तिथे बंगले झालेत. घरात बदल करायला वाव हवा ही कोरियांचीच इच्छा होती, त्यामुळे त्याचं मला फार वाईट वाटत नाही. अंगणं अजून आहेत, आणि माझ्या मते नकाशातली सगळ्यात शहाणी रेघ तीच.

आपल्याकडे उलट चाललंय. जुन्या तीन मजली इमारतीला जिन्याखाली ओटा असायचा. कुणीही टेकायचं: पोस्टमन, कामवाल्या मावशी, रिझल्ट लागलेला मुलगा. पुनर्विकासात तिथे पार्किंग येतं, कंपाऊंडची भिंत वाढते, आणि मोकळी जागा पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या वरच्या गच्चीवर चढते. वर बाकं असतात, लॉनही असतं, पण लिफ्टला कार्ड लागतं. पोस्टमन काही वर जाऊन बसणार नाही.

तुमच्यापैकी निम्म्यांच्या सोसायट्या आत्ता पुनर्विकासाच्या बैठकांमध्ये असतील. तिथे कार्पेट एरियावर तीन तास भांडा, माझी हरकत नाही. पण नकाशा टेबलावर आला की बिल्डरच्या माणसाला विचारा, तळमजल्यावर फाटकाजवळ, सावलीत, दोन माणसं बसतील एवढा ओटा कुठे दाखवलाय? सहा फूट बाय दीड फूट पुरे. तो म्हणेल, नियमात बसत नाही. तेव्हा कुठला नियम, ते लेखी मागा.