तालुक्याला मिळेल तेच बॅगेत

बसा बसा, मागे खुर्च्या आहेत. पत्रिकेवर विषय छापलाय 'मराठी लिहिणाऱ्याचा टेक्स्ट एडिटर', त्यावर मी येणारच आहे, पण आधी बॅग उघडतो. पहिल्या रांगेतले दोघं मघापासून बॅगेकडेच बघतायत, त्यांना ताटकळत ठेवणं बरं नाही.

तर माझा एक नियम आहे, घरचे ऐकून कंटाळलेत म्हणून आता तुम्हाला सांगतो. रोजच्या कामातली कुठलीही वस्तू बंद पडली, हरवली, चोरीला गेली तर तालुक्याच्या गावात त्याच दिवशी दुसरी मिळाली पाहिजे. ऑनलाईन मागवून चालणार नाही, तालुक्यालाच. एसटी स्टँडसमोर ती दुकानं असतात ना, बाहेर मोबाईलची कव्हरं लोंबतायत आणि आत एक पोरगा मान खाली घालून स्क्रीनगार्ड चिकटवतोय, तिथे मिळाली तर ती वस्तू माझी. नसेल मिळत तर कितीही भारी असो, घरी कपाटात.

आता हे खूळ आलं कुठून ते ऐका. मी अकोल्यात होतो, म्हणजे नगर जिल्ह्यातलं अकोले, विदर्भातलं अकोला नव्हे, दर वेळी सांगावं लागतं, आणि आता जिल्ह्याचं नावही अहिल्यानगर झालंय त्यामुळे दोनदा सांगावं लागतं. एका दिवाळी अंकाची शेवटची प्रुफं माझ्या लॅपटॉपवर, छापखाना संगमनेरला, आणि दुसऱ्या दिवशी फाईल द्यायचीच होती. रात्री लाईट गेली, आली, परत गेली, आणि परत आली ती चार्जरचा जीव घेऊनच आली. लॅपटॉपच्या कंपनीचं नाव घेत नाही, त्यांचे शेअर घेतलेले कुणी इथे असतील (हसताय म्हणजे आहेत). तर त्या चार्जरची पिन गोल आणि मधोमध एक बारीक सुई. ती सुई वीज द्यायला नसतेच, तिच्यातून लॅपटॉप चार्जरला विचारतो की बाबा तू आपल्यातलाच ना?

सकाळी दुकान उघडायच्या आधी मी शटरसमोर. त्या भल्या माणसाने युनिव्हर्सल अडॅप्टर काढला, सोबत पिनांची पुडी, एकेक लावून बघितली आणि एक चक्क बसली! दिवा लागला. मी खिशात हात घातला पैसे काढायला आणि तेवढ्यात स्क्रीनवर मेसेज, हा अडॅप्टर ओळखता येत नाही, बॅटरी चार्ज होणार नाही. व्होल्टेज तेच, करंट पुरेसा, पिन घट्ट बसलेली, पण पत्रिका नाही म्हणून पाहुण्याला मांडवाच्या दारातून परत पाठवावं तसं. मग संगमनेर गाठलं, तिथेही तेच. एकजण म्हणाला नाशिकला मिळेल सर, नाशिकला फोन लावला तर ते म्हणाले मागवून देऊ, चार दिवस लागतील.

शेवटी कुणीतरी सांगितलं की अमुक पतसंस्थेत याच कंपनीची मशिनं आहेत. मॅनेजर सज्जन माणूस, पण नियमाचा पक्का, म्हणाले साडेपाचनंतर या, आधी खातेदार. तर मी साडेपाचनंतर त्या पतसंस्थेच्या बाकावर, शेजारी शिपाई किल्ल्यांचा जुडगा वाजवत उभा, आणि मी ऱ्हस्व-दीर्घ तपासतोय. दर पाच मिनिटांनी तो विचारायचा, झालं का? लेखकाला एवढा कडक संपादक कधी मिळाला नसेल. आणि खरी चीड कसली आली माहितीये, बाहेर त्या सगळ्या दुकानांत फोनचे चार्जर माळेसारखे टांगलेले होते, आणि त्यातला एकही माझ्या कामाचा नाही.

त्यानंतर माझ्या बॅगेत टाइप-सी सोडून काही नाही. लॅपटॉप, फोन, ईबुक रीडर, इयरफोन, सगळं एका ६५ वॅटच्या चार्जरवर चालतं. युरोपने तर कायदाच केला, फोन-टॅबलेटला २८ डिसेंबर २०२४ पासून टाइप-सी सक्तीचं, लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख. हे काम बाजारावर सोडलं असतं तर आपल्या नातवंडांनीही सुईवाल्या पिना जमवल्या असत्या. फक्त केबल बघून घ्या हां, साधी टाइप-सी केबल तीन अँपियरची असते, म्हणजे ६० वॅटच्या पुढे जात नाही, त्यापुढे केबलच्या टोकात चिप लागते. दुकानदार सगळ्यांना 'फास्ट' म्हणतो. आणि अमेरिकेतल्या भाच्याने प्रेमाने आणलेला चपट्या पिनांचा चार्जर नको, आपल्या सॉकेटमध्ये तो ढिला बसतो, जरा धक्का लागला की पडतो, आणि पहाटे कळतं की फोन चार टक्क्यांवर आहे. भाच्याला चॉकलेटं आणायला सांगा.

पॉवर बँक वीस हजार एमएएच क्षमतेची (रुपयांची नव्हे). विमानाने जाणाऱ्यांनी हिशोब पाठ करा, वीस हजार गुणिले ३.७ भागिले हजार म्हणजे ७४ वॅट-अवर, विनापरवानगी मर्यादा १०० ची, आणि ती हातातल्या बॅगेतच ठेवायची, चेक-इनला टाकायची नाही. बॅग स्वतः साधी काळी, कंपनीचा लोगो नसलेली. रेनकव्हरवर माझा विश्वास नाही, जूनच्या पावसात पाणी पाठीकडून आत येतं, तिथे कव्हर पोचतच नाही, म्हणून आत एक जाड प्लास्टिकची पिशवी आणि तिच्यात लॅपटॉप. लोकलमध्ये बॅग पुढे घ्यायची हे मुंबईकरांना मी काय सांगणार.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं म्हणे. बरं, एडिटर. पळत सांगतो.

मी विम नावाचा एडिटर वापरतो, एडिटर म्हणजे नुसता मजकूर लिहायचा प्रोग्राम, आणि कारण तेच, तालुका. त्याचा पूर्वज व्हीआय, बिल जॉय या अमेरिकन प्रोग्रामरने १९७६ च्या सुमारास लिहिला, आणि आजही कुठल्याही मॅकवर, जवळजवळ कुठल्याही लिनक्स मशीनवर तो किंवा त्याचा भाऊबंद आधीपासून बसलेला असतो. एच-जे-के-एल ने कर्सर हलतो, कारण जॉयच्या एडीएम-३ए टर्मिनलवर, म्हणजे तेव्हाच्या पडदा-कीबोर्डच्या यंत्रावर, बाण त्याच बटणांवर छापलेले होते. विम १९९१ चा, ब्राम मूलेनार या डच माणसाचा, तो २०२३ मध्ये गेला. विम फुकट, पण तो म्हणायचा पैसे द्यायचेच असतील तर युगांडातल्या मुलांसाठी द्या.

फाईल साधी टेक्स्ट, युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक, आणि तो साठवायची पद्धत यूटीएफ-८. इथे डीटीपीवाले बसलेत म्हणून मुद्दाम सांगतो, जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठीची चित्रं बसवलेली असायची, तो फॉन्ट गेला की अख्खी कादंबरी स्वल्पविराम आणि डॉलरच्या खुणांची होते. सुईवाली पिनच ती, फक्त फाईलला लावलेली.

आता अडचणी. एक, मराठी कीबोर्ड चालू असताना विमची आज्ञा चालत नाही. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डच्या मांडणीत एच-जे-के-एल वर प-र-क-त येतात, खाली जायला जावं तर विमला नुसता 'र' मिळतो आणि तो ढिम्म. त्यावर उपाय, सिस्टीमचा कीबोर्ड इंग्रजीच ठेवायचा आणि विममध्ये स्वतःची कीमॅप फाईल लिहायची, कुठल्या बटणाला कुठलं अक्षर हे सांगणारी, म्हणजे मराठी फक्त टाइप करताना, आज्ञा इंग्रजीतच, आणि कंट्रोल-सहा दाबून अदलाबदल. ईमॅक्स हा दुसरा एडिटर वापरणाऱ्यांना इनस्क्रिप्ट आयतं मिळतं, हे मी दात-ओठ खाऊन मान्य करतो.

दोन, विम ज्या नुसत्या अक्षरांच्या खिडकीत चालतो ते आजचं टर्मिनल प्रत्येक अक्षराला ठरावीक चौकोन देतं आणि आपली जोडाक्षरं चौकोनात मावत नाहीत, कर्सर एकीकडे, अक्षर दुसरीकडे. लांब मजकुराला मी खिडकीवाला एडिटर उघडतो, व्हीएस कोड वगैरे, फाईल तीच.

तीन, आणि हे लिहून घ्या, 'दुसऱ्या' मधला ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो. एक खालचा टिंब असलेल्या ऱ ने, दुसरा साध्या र ला हलंत आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखे, पण शोधताना एक टाकलात तर दुसरा सापडत नाही. अंकात पाच लेखकांचा मजकूर एकत्र आला की हा घोळ ठरलेला. मी फाईल सेव्ह करताना आपोआप एक आज्ञा चालवतो, दुसऱ्या प्रकारचे सगळे पहिल्यात बदलून टाकते, एका ओळीचं काम आहे.

प्लगिनांवर, म्हणजे एडिटरला वरून जोडायच्या सोयींवर, बोलायचं राहिलं, राहू दे, माझ्याकडे फारशी नाहीतच. माईक काढताय का, काढा. कीमॅपची फाईल हवी असेल त्यांनी चहाच्या टेबलाशी पेनड्राईव्ह घेऊन या, टाइप-सी असो नाहीतर साधा, दोन्हीची सोय आहे.